अकराव्या मिनिटाला अडखळणारा टेम्पो

अकराव्या मिनिटाला टेम्पो पुन्हा अडखळला. मी घड्याळात पाहिलं, वहीत रेघ मारली आणि टॅबलेट नेऊन नीलोफरच्या टेबलावर ठेवला.

"अडखळला."

"कुठे, मावशी?"

"बागेच्या वळणावर. आधीच्याच जागी."

नीलोफर आमची प्रोग्रामर. मालेगावची पोरगी, घरात यंत्रमाग, हिच्या हातात कॉम्प्युटर. तिने टॅबलेट खोळीतून काढला, केबल लावली, गेम बंद करून पुन्हा चालू केला आणि स्टँडवर ठेवून खेळून पाहिला. टेम्पो लोण्यासारखा गेला. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा असतो, तो साठच्या खाली उतरला नाही.

"माझ्याकडे तर चालतोय."

"माझ्याकडे नाही चालत."

"मी काय करू मग?"

"ते तू शिकलीस, मी नाही."

मी टेस्टर आहे. म्हणजे गेम बाहेर जाण्याआधी तो खेळून त्यातले दोष काढणारी बाई. वय अडुसष्ट, शिक्षण चौथी. लोक हसतात, हसू देत. त्याआधी बावीस वर्षं मी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये ग्रेडिंग केलं. घड हातात घ्यायचा, फिरवायचा, खराब मणी कात्रीने उडवायचा. पॅकहाउस प्रशांतच्या वडिलांचं. प्रशांतने शेती केली नाही, गंगापूर रोडला दोन खोल्या घेऊन गेम बनवायची कंपनी काढली. त्याचा पहिला मोठा गेम असा : द्राक्षांचे क्रेट भरलेला टेम्पो बागेतून, नाल्यातून, घाटातून न्यायचा, एकही घड सांडू द्यायचा नाही. बाग खरी दिसते का ते बघायला त्याने मला एक दिवस बोलावलं. मी म्हटलं, "वेल उलटा चढवलाय, पानं पपईची वाटतात, आणि असा टेम्पो चालवला तर तुझ्या बापाने ड्रायव्हरला हाकलून दिलं असतं." त्याने तिथल्या तिथे नोकरी दिली. दोष काढायचा पगार मिळतो हे मला तेव्हा कळलं. घरात मी दोष फुकट काढत होते.

आता अडचण काय होती ते सांगते. एक टॅबलेट बनवणारी कंपनी नवा टॅबलेट बाजारात आणणार होती. पडदा फार भारी. त्यात आमचा गेम आधीपासून भरून द्यायचा, असं बोलणं चाललं होतं. अट एकच : त्यांचा माणूस गुरुवारी येणार, अर्धा तास सलग खेळणार, गेम अडखळता कामा नये. पास झाला तर पुढची दोन वर्षं काम. नाही झाला तर दिवाळीनंतर ऑफिस बंद, असं प्रशांतने आम्हा सातही जणांना समोर बसवून सांगितलं होतं. नीलोफरचा भाऊ तर वाटच बघत होता. त्याने बहिणीला सांगून ठेवलेलं, ऑफिस बंद झालं की दुसरीकडे अर्ज करायचा नाही, सरळ घरी यायचं.

आणि सोमवारची दुपार झाली होती.

अडखळणं म्हणजे काय तेही सांगते. गेममध्ये गाडी पळताना दिसते, पण ती पळत नसते. एका सेकंदात साठ चित्रं एकामागोमाग दाखवतात, म्हणून ती पळते असं वाटतं. चित्रं वीस-बावीसवर आली की टेम्पो उचकी लागल्यासारखा जातो. वळणावर उचकी लागली की क्रेट सांडले. खेळणारा शिव्या घालतो आणि गेम काढून टाकतो.

प्रशांत आला. नीलोफरने सांगितलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे.

"मावशी, रागावू नका. वळणावर तुमचं बोट थोडं उशिरा पडत असेल."

"माझं बोट उशिरा पडलं तर टेम्पो नाल्यात जाईल. उचकी कशाला देईल?"

"तसं नाही..."

"तसंच आहे. कोपऱ्यातला आकडा बावीस झाला. आकडा काय मी बोटाने खाली ओढला?"

कंपनीने दोन टॅबलेट पाठवले होते. प्रशांतने माझा नीलोफरला दिला, तिचा मला. मी माझ्या जागेवर जाऊन खेळले. तोही अकराव्या मिनिटाला अडखळला. माझा आधीचा नीलोफरकडे चाळीस मिनिटं गुण्यागोविंदाने चालला. मग प्रशांतने मला नीलोफरच्या खुर्चीत बसवलं. स्टँडवरच्या टॅबलेटवर मी वीस मिनिटं खेळले. काही झालं नाही.

"बघा," प्रशांत म्हणाला.

ऑफिसातली बाकीची पोरं गालात हसली. मला राग आला तो हसण्याचा नाही. माझ्या वहीत तीन दिवसांच्या रेघा होत्या, रेघा खोट्या नव्हत्या, आणि मला त्या सिद्ध करता येत नव्हत्या.

मी माझ्या जागेवर जाऊन पुन्हा खेळले. अकरा मिनिटं. उचकी.

मग सगळ्यांचं ठरलं की दोष जागेचा आहे. मी बसते त्या कोपऱ्यात नेट कमी येतं. गेमला नेट लागतच नाही, असं नीलोफर दोनदा बोलली, पण पोरांनी तोवर राउटर खाली उतरवला होता. संध्याकाळपर्यंत त्यांनी तो चार ठिकाणी टांगून पाहिला. शेवटी माझ्या डोक्याच्या वर आणून टांगला. टेम्पो अडखळलाच. दिवस गेला.

माझी जागा म्हणजे भिंतीलगत सतरंजी. मी खुर्चीत बसत नाही, पाय लोंबकळले की सुजतात. मांडी घालून बसते, टॅबलेट मांडीवर ठेवते. आणि टॅबलेटला खोळ असते. पहिल्या दिवशी प्रशांतने तो माझ्या हातात देताना "जपा हं मावशी" असं तीन वेळा म्हटलं. वस्तू गुळगुळीत, काठाला धरायला काही नाही. मी घरी जुन्या लुगड्याचे तीन पदर एकावर एक घेऊन जाड धाग्याने खोळ शिवली. चार कोपरे टॅबलेट धरून ठेवतात, पडदा मोकळा राहतो. पाठ, कडा सगळं झाकलेलं. टॅबलेट बदलला तर मी खोळ त्याच्यावर चढवायची.

मंगळवारी दुपारी चहा पिताना खोळीवर डाग पडला. चहा आत जायला नको म्हणून मी घाईने टॅबलेट बाहेर ओढला. खेळून नुकताच ठेवलेला होता. पाठीला हात लागला आणि मी तो तसाच धरून बसले.

तो तापलेला होता. चटका बसेल असा नाही, पण एप्रिलमध्ये दुपारी बागेतून क्रेट येतो, त्यातला घड हातात घेतला की लागतो तसा. आत मुरलेली उष्णता. मला बाहेरून कधी कळली नव्हती, कारण तीन पदर मध्ये होते.

पॅकहाउसमध्ये द्राक्षाच्या बॉक्सला कडेने भोकं असतात. बॉक्स भरला की तो प्रीकूलिंगला जातो, म्हणजे थंड वाऱ्याच्या खोलीत. वारा भोकांतून आत शिरतो आणि माल थंड होतो. नव्या बायका काय करायच्या, आतला कागद नीटनेटका दिसावा म्हणून तो भोकांवर चढवायच्या. वरून बॉक्स सुंदर. मधला माल गरमच राहायचा आणि पुढे जाऊन मऊ पडायचा. मी अशा किती बायकांना झापलं असेल, मोजलं नाही.

आणि इथे मी स्वतः तेच केलं होतं. कागदाच्या जागी लुगडं.

नीलोफर टेबलावर खेळायची तेव्हा केबल लावायला खोळ काढावी लागायची. स्टँडवर पाठ मोकळी. वर पंखा. म्हणून तिच्याकडे चालायचा. इतके दिवस आम्ही सात जण हे बघत होतो आणि दिसलं कोणालाच नाही.

खरं सांगायचं तर दोन मिनिटं मी खोळ मांडीवर घेऊन बसले. कोणी बघत नव्हतं. खोळ पिशवीत टाकली असती तर टेम्पो अडखळायचा थांबला असता. मी म्हटलं असतं, राउटर वर टांगल्यापासून बरं आहे. पोरं खूश, प्रशांत खूश, माझी अब्रू शाबूत. पण खराब मणी घडाच्या आतल्या बाजूला वळवून ठेवला की काय होतं ते मी बावीस वर्षं पाहिलंय. पेटीच्या पेटी परत येते.

मी खोळ घेऊन नीलोफरकडे गेले.

"दोष माझा आहे. ही घातली की तो तापतो. तापला की अडखळतो. हात लावून बघ."

तिने हात लावला. मग खोळीला लावला. मग हसायला लागली.

"हसू नको. सांग सगळ्यांना, म्हातारीने गोधडीत गुंडाळला म्हणून."

"मावशी, थांबा ना." तिचं हसू थांबलं. "मोकळा टॅबलेट वापरतं कोण? आमची अम्मी टीव्हीच्या रिमोटलासुद्धा प्लास्टिक घालते. सगळे लोक कव्हर घालणार. गादीवर ठेवून खेळणार, पांघरुणात खेळणार. टेबलावर स्टँड लावून कोण खेळतं? फक्त मी."

"म्हणजे?"

"म्हणजे दोष तुमचा नाही. माझा आहे. मीच चुकीच्या जागी तपासत बसले."

दोष कोणाचा यावर दोन बायका भांडतायत हे ऐकून प्रशांत बाहेर आला. नीलोफरने सांगितलं. त्याने टॅबलेटला हात लावला आणि त्याला फार बरं वाटलं.

"सापडलं ना? संपलं तर मग. गुरुवारी मोकळा टॅबलेट द्यायचा, पंखा फुल करायचा."

"तो माणूस स्वतःचा टॅबलेट आणणार आहे," नीलोफर म्हणाली. "त्याला कव्हर असेल."

"नसेलही."

मी म्हटलं, "प्रशांत, तुझ्या मोबाइलला कव्हर आहे?"

त्याने खिशाला हात लावला.

नीलोफरकडे उपाय होता, पण प्रशांतला तो आवडणार नाही हे तिला माहीत होतं. टॅबलेटचा पडदा भारी, म्हणजे त्याचं रिझोल्यूशन जास्त. रिझोल्यूशन म्हणजे पडद्यावर ठिपके किती बारीक आणि किती दाट आहेत ते. आमचा गेम पडद्यावरचा एकूण एक ठिपका भरत होता, सेकंदाला साठ वेळा. मोकळ्या रस्त्यावर ते जमायचं. बागेत पानंच पानं. तिथे टॅबलेटच्या आतली चिप राबून राबून तापायची. फार तापली की ती जळू नये म्हणून स्वतःच हळू काम करते. मग उचकी. नीलोफरचं म्हणणं, चित्र थोड्या कमी ठिपक्यांत काढायचं आणि दाखवताना ताणून पडदाभर करायचं. काम निम्म्यावर येतं.

"अजिबात नाही," प्रशांत म्हणाला. "ते लोक पडद्यासाठी टॅबलेट विकतायत. आपण त्यावर धुरकट चित्र दाखवायचं?"

"धुरकट नाही दिसणार, सर."

"दिसणार. मला दिसेल."

मी मध्ये पडले. "गोधडीला इंचात चार टाके घालणारी बाई चार दिवसांत गोधडी उतरवते. दहा टाके घालणारीला पंधरा दिवस लागतात आणि तिची मानही जाते. पांघरणाऱ्याला फरक कळत नाही."

"मावशी, ही गोधडी नाही."

"मग ओळखून दाखव."

नीलोफरने एका टॅबलेटवर जुना गेम ठेवला, दुसऱ्यावर तिचा बदललेला. मी दोन्ही पदराखाली घेतले, अदलाबदल केली आणि त्याच्यासमोर धरले. तो वाकून, चष्मा वर करून, डोळे बारीक करून बघत राहिला. पानांवर पान, मणी, टेम्पोवरची नंबरप्लेट.

"हा," तो म्हणाला. "हा बघा ना, किती स्पष्ट आहे. वाटतच नाही चित्र आहे."

नीलोफरने कोपऱ्यातलं बटण दाबून कुठला जुना, कुठला बदललेला ते दाखवलं. त्याने तिचा बदललेला निवडला होता. सातही जण हसले, तोही हसला. थोडा उशिरा.

बुधवारी मी खोळ घालून, मांडीवर घेऊन, पंखा बंद करून चाळीस मिनिटं खेळले. आकडा साठावरून एकदा अठ्ठावन्नला आला, तेवढाच. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी म्हटलं, उद्या वाजवा.

गुरुवारी माणूस आला. मध्यम वयाचा, पोट सुटलेला, अबोल. त्याच्या टॅबलेटला जाड चामड्याचं कव्हर होतं. नीलोफरने माझ्याकडे पाहिलं, मी प्रशांतकडे पाहिलं, प्रशांतने खिडकीकडे पाहिलं. माणूस सोफ्यात रुतून बसला, टॅबलेट पोटावर टेकवला आणि सुरू झाला.

अकरावं मिनिट गेलं. कोणी हललं नाही. टेम्पो बागेतून निघून नाल्याला लागला. पंधरा झाली. नीलोफर पहिल्यांदा पाणी प्यायली.

मग त्या माणसाने बॅगेतून चार्जर काढला आणि टॅबलेटला लावला. खेळता खेळताच.

आम्ही ते तपासलंच नव्हतं. चार्जिंगला लावलेली वस्तू नुसती पडून असली तरी गरम होते, हे मोबाइल असलेल्या कुठल्याही माणसाला माहीत असतं. मी मांडी घालून, पंखा बंद करून, सगळं करून बसले होते आणि वायर लावायचं सुचलं नव्हतं.

चोविसाव्या मिनिटाला वळणावर टेम्पोने बारीक उचकी दिली. एकच. माणसाने मान वर केली.

"इथे काहीतरी..."

"नेटवर्क असेल, सर," प्रशांत म्हणाला.

"नेटवर्क नाही," मी म्हणाले. "गेमला नेट लागत नाही. तुम्ही वायर लावली, टॅबलेट तापला, म्हणून अडखळला. वायर काढा, दोन मिनिटांत बरा होईल."

प्रशांतने डोळे मिटून घेतले. नीलोफर पुतळ्यासारखी उभी.

माणसाने वायर काढली. खेळत राहिला. दोन मिनिटं, तीन मिनिटं. टेम्पो पुन्हा सरळ चालायला लागला. तिसाव्या मिनिटाला त्याने टॅबलेट खाली ठेवला आणि मला विचारलं, "तुम्ही कोण?"

"टेस्टर."

"या सगळ्याची चाचणी तुम्ही केली?"

"वायर सोडून सगळ्याची."

तो हसला. आल्यापासून पहिल्यांदाच. "या महिन्यात बरेच गेम बघितले. चार्जर लावला की प्रत्येक जण नेटवर्कच म्हणतो." मग तो नीलोफरकडे वळला. "तापला की चित्राचं काम आपोआप आणखी कमी होईल, असं करता येईल?"

"येईल, सर."

"किती दिवसांत?"

प्रशांत तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, "सोमवारपर्यंत."

"सोमवारी पाठवा. बाकी ठीक आहे. गेम आम्ही घेतोय."

त्याची गाडी वळून गेली तसं नीलोफर गॅलरीत जाऊन फोनवर बोलायला लागली. "भाई, हो गया. नही आ रही मैं. सुना क्या? नही आ रही!" शेजारच्या डेअरीवाल्यानेसुद्धा मान वर करून पाहिलं. प्रशांत सोफ्यात बसला. मग म्हणाला, "मावशी, तुम्ही बोललात तेव्हा माझं काळीज थांबलं होतं."

"तू नेटवर्क बोललास तेव्हा माझं."

मी चहा मागवला. आठवडाभरात पहिल्यांदा गरम असताना प्यायले. पाय लांब केले. खरंच बरं वाटलं. या वयात दुसरी नोकरी कोण देतं? आणि दिली तरी ती भांडी घासायची.

सोमवारी नीलोफरने बदल पाठवला. मी त्याआधी वायर लावून, खोळ घालून, वरून रजई घेऊन तासभर खेळले होते. घामाने मी भिजले, टेम्पो भिजला नाही. बुधवारी होकाराची मेल आली. प्रशांतने ती मोठ्याने वाचून दाखवली, मग प्रिंट काढून भिंतीला लावली. कोपरे निघालेत, पण अजून आहे.

एवढ्यातून मी जे शिकले ते चौथीच्या पुस्तकात बसेल. वस्तू जिथे वापरणार तिथे तपासायची, जिथे सोयीचं तिथे नाही. आणि दोष सापडला की तो कोणाचा हे नंतर, आधी कसला ते बघायचं.

आता ऑफिसात नियम झालाय. नवा गेम आला की प्रत्येकाने रोज अर्धा तास सतरंजीवर मांडी घालून खेळायचा. प्रशांतनेसुद्धा. त्याचे गुडघे दुखतात असं तो म्हणतो. छत्तिसाव्या वर्षी गुडघे दुखत असतील तर तो दोष गेममध्ये नाही, आणि तो काढायचा पगार मला कोणी देत नाही.